राहून गेलेला ठिपका

माझ्या भाचीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. नाव मीच ठेवलं. तेव्हा ती सव्वा वर्षाची होती, आणि एका जागी दोन मिनिटं बसली तर अंगात ताप आहे की काय म्हणून माझी बहीण तिच्या कपाळाला हात लावून बघायची. आता ती तेवीस वर्षांची आहे, कोर्टात स्टेनो आहे, आणि अजूनही खुर्चीत बसते ती उठण्यासाठीच. बसल्या बसल्या तिचा एक गुडघा हलत असतो. तो बघून समोरच्या माणसालाच कुठेतरी जायला उशीर झाल्यासारखं वाटायला लागतं.

मी तिचा मामा. छत्तीस वर्षं मीही स्टेनोगिरीच केली. साहेब बोलायचे, मी लिहायचो; साहेब थांबायचे, मी थांबायचो. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून भांड्यांच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेतली आणि शॉर्टहँडचा क्लास काढला. हल्ली कोण शिकतं शॉर्टहँड? चार मुली येतात आणि एक आजी. त्यातल्या आजी फक्त पंख्यासाठी येतात. मी चिडका मास्तर आहे हे मला ठाऊक आहे, कुणी सांगायची गरज नाही. चुकीची रेघ दिसली की माझं डोकं फिरतं.

शॉर्टहँड न शिकलेल्यांसाठी थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. त्यात अक्षरं नसतात, रेघा असतात. क ची एक, ज ची एक, ग ची एक. काना, मात्रा, वेलांटी यांचं काम बारीक ठिपके करतात, ते रेघेच्या शेजारी द्यायचे. पण बोलणारा सुसाट सुटला की ठिपके द्यायला वेळ कुणाला असतो? ते गळतात. मग नुसत्या रेघांवरून शब्द ओळखायचा. शब्द ओळीवर टेकलाय की ओळीच्या वर तरंगतोय यावरून थोडं कळतं, बाकीचं पुढच्या वाक्यावरून. म्हणून पहिल्याच दिवशी मी फळ्यावर वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो : 'सुटा शब्द वाचू नका, पुढचं वाक्य बघा.' ते कुणी पुसत नाही, आणि हल्ली कुणी वाचतही नाही.

भिंगरी माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तोंडावर कधी म्हटलं नाही, डोक्यावर बसली असती. एकोणिसाव्या वर्षी मिनिटाला एकशेवीस शब्दांच्या परीक्षेला बसणार होती. तीन आठवडे आधी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, हातापायांवर निळे डाग उठले. रक्ताचा कर्करोग. पुढची अडीच वर्षं कशी गेली ते मी इथे लिहीत नाही, कारण ती वर्षं तिची आहेत, माझ्या वाट्याला फक्त हॉस्पिटलची बाकडी आली. माझी बहीण चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवते. नवरा फार पूर्वीच गेला. तिच्या रजा संपल्या की माझी पाळी, एवढाच आमचा हिशेब होता.

मग एके दिवशी डॉक्टर म्हणाले, "उपचार संपले. आता दर तीन महिन्यांनी फक्त तपासणीला या." आम्हाला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. नातेवाइकांचे फोन आले. कुणी तिला वाघीण म्हणालं, कुणी लढवय्यी. भिंगरी फोनवर "हो, हो, थँक्यू" म्हणायची आणि फोन ठेवला की माझ्यावर घसरायची. "मामा, मी कुठे लढले? मी तर पडून होते."

आजार गेला तो तिचा उरलासुरला स्वस्थपणा घेऊन गेला. चाळीस शब्द कमी वेगाने का होईना, परीक्षा देऊन ती कोर्टात लागली. पण घरी आली की पलंगाची दिशा बदलायची. सोमवारी डोकं खिडकीकडे, गुरुवारी दाराकडे. बसमधून दोन स्टॉप आधी उतरून चालत यायची, आणि घर आलं तरी पुढे निघून जायची. जेवताना उठायची, बोलताना उठायची. डोळ्यांखाली काळं. "झोप लागते का?" असं विचारलं की "बरी लागते." तब्येत कशी? "बरी." त्या 'बरी'ची मला चीड यायला लागली. बरं या शब्दाने जेवढी दारं बंद होतात तेवढी कुलपानेसुद्धा होत नाहीत.

हॉस्पिटलमध्ये दर बुधवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावर एक बैठक असायची. उपचार संपलेली विशी-पंचविशीची आठ-दहा मुलं, आणि एक समुपदेशक बाई. काम एकच, वीस मिनिटं लिहायचं. डॉक्टरांनी भिंगरीला तिकडे पाठवलं. मी बरोबर गेलो, आणि जिन्यातच नाक मुरडलं. लिहून काय होतं? मी छत्तीस वर्षं लिहिलं, माझं काय झालं? पाठ दुखते, एवढंच.

दाराबाहेरच्या बाकड्यावरून मला बाईंचं बोलणं ऐकू आलं. "पेन थांबवायचं नाही. शुद्धलेखन बघायचं नाही. जे कुणाला सांगितलं नाही ते लिहा. लिहिलेलं कुणी वाचणार नाही, मीसुद्धा नाही. घरी न्या, नाहीतर इथेच फाडा." मग कोऱ्या कागदांची सळसळ, आणि शांतता.

वीस मिनिटांनी भिंगरी बाहेर आली आणि तिने कागद माझ्यासमोर धरला. "बघ माझी अक्कल." कागदावर साध्या मराठीत होतं : 'पेन थांबवायचं नाही. शुद्धलेखन बघायचं नाही. सिस्टर, सहा नंबरचं सलाईन संपलं. लिफ्ट बंद आहे, जिन्याने जा. (बाहेर मामा खोकतो.)' पोरीने वीस मिनिटं डिक्टेशन घेतलं होतं! मी इतका हसलो की सिस्टरने मला दटावलं. भिंगरीही हसली, पण लगेच तिचा चेहरा उतरला. "कानावर पडलं की हात लिहितो, मामा. माझं मला काही ऐकूच येत नाही."

पुढचे दोन बुधवारही असेच गेले. तिसऱ्या बुधवारी ती बाहेर आली ती घामाघूम, गाल लाल, आणि भूक लागलीय म्हणून माझ्या पिशवीतला बिस्किटांचा अख्खा पुडा उभ्या उभ्या संपवला.

"शॉर्टहँडमध्ये लिहिलं," ती म्हणाली. "साध्या अक्षरात हात मागे राहतो. तेवढ्यात मन शहाणं होतं आणि भलतंच लिहायला लावतं. रेघांमध्ये मन मागे राहतं." मग माझ्याकडे तिरकं बघून म्हणाली, "आणि कुणाला वाचता पण येत नाही. तुला सोडून."

"मी कशाला वाचू? मला काही कामं नाहीत का?" मी म्हणालो.

"शब्द?"

"शब्द."

परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. माझा हात मुंग्या येऊन बधिर झाला, तरी मी हलवला नाही.

हे चार महिने चाललं. आणि एका शनिवारी दुपारी माझी बहीण धापा टाकत क्लासचा जिना चढून आली. मुली नुकत्याच गेल्या होत्या. तिच्या मुठीत चौघडी केलेला एक कागद होता. पलंग पुन्हा सरकवताना गादीखालून पडलेला.

"दादा, हे वाच."

"नाही वाचणार. तिला शब्द दिलाय."

"मग मी कुणाकडे जाऊ? माझ्याशी धड बोलत नाही, आणि या किड्या-मुंग्यांशी बोलते. मी आई आहे की शेजारीण? एकदाच सांग, ती ठीक आहे का. बाकी काही नको मला."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, खाज मलाही होतीच. मी कागद उलगडला. आता इथे आमच्या धंद्याची एक खोड आडवी आली. साहेब म्हणायचे, "वाचून दाखवा," की डोळा पडायच्या आत तोंड सुरू. छत्तीस वर्षांची सवय. उचलली जीभ लावली टाळ्याला. पहिली ओळ मी मोठ्याने वाचून मोकळा झालो.

"मला आता जगायचं नाही."

बहीण मटकन टाइपरायटरसमोरच्या स्टुलावर बसली. तिचं कोपर बटणांवर पडलं, चार-पाच दांड्या एकदम उठून एकमेकींत अडकल्या. मी कागद घडी करून खिशात घातला. पुढे वाच असं ती म्हणाली नाही, आणि मीही वाचलं नाही. धीरच झाला नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की अडीच वर्षं औषधांनी जिला ओढून आणलं ती आता आपल्याच हाताने दोर सोडतेय.

पुढचे तीन दिवस आम्ही दोघं वेड्यासारखे वागलो. बहिणीने घरातली सुरी, कात्री, फिनेल, होत्या नव्हत्या त्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून माझ्याकडे आणून दिल्या. गच्चीच्या दाराला कुलूप. न्हाणीघराची कडी बिघडलीय म्हणून काढून टाकली. रविवारी मी तिच्या घरी पाच वेळा गेलो, प्रत्येक वेळी नवं निमित्त. पाचव्यांदा भिंगरी म्हणाली, "मामा, तुझा चष्मा तुझ्या डोळ्यांवरच आहे." बाईंना त्याच दिवशी फोन करायला हवा होता. केला नाही, कारण चोरून वाचलं हे सांगावं लागलं असतं. बुधवारी भेटून सांगू, असं मनाशी ठरवलं. तिच्या जिवाचा प्रश्न होता आणि मी स्वतःची लाज झाकत बसलो होतो. या गोष्टीची मला आजही शरम वाटते.

मंगळवारी दुपारी भिंगरी कोर्टातून अर्धी रजा टाकून थेट क्लासवर आली. मुली गुपचूप वह्या आवरून पसार झाल्या. आजींनाही काय समजायचं ते समजलं आणि त्या पंख्याकडे शेवटचं बघून उठल्या.

"मामा, घरातली सुरी कुठे आहे?"

"मला काय माहीत?"

"काल आईने काकडी हाताने मोडून दिली. आज ती कोर्टात आली होती. माझ्या मागोमाग. दोन तास शेवटच्या बाकावर बसली. शिपायाने विचारलं, बाई, तुमची केस कोणती? तर म्हणाली, मुलीची. साहेबांसमोर माझा हात थांबला, मामा. साक्षीदाराची तीन वाक्यं गेली. काय चाललंय?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. मी खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला.

ती स्टुलावर टेकून कागदाकडे बघत राहिली. गुडघा हलायचा थांबला होता, आणि मला त्याचीच भीती वाटली.

"तू वाचलंस."

"हो."

"शब्द दिला होतास तू." तिचा आवाज चढला. "माझं रक्त बघितलं सगळ्यांनी. हाडातलं पाणी काढून बघितलं. पोटातले फोटो काढले, आणि तुम्ही दोघं ते उजेडाला धरून बघत बसायचात, मी समोर असताना! सगळ्यांनी आतून बघितलंय मला. एवढा एक कागद होता ज्याला खिडकी नव्हती. तिथेपण तू डोकावलास?"

"हो, डोकावलो!" मीही ओरडलो. घाबरलेला माणूस ओरडतोच. "तू काय लिहिलंयस ते तरी बघ. पहिली ओळ बघ. हे वाचून मी काय करायला हवं होतं, वही-पेन घेऊन बसायला हवं होतं का?"

तिने कागद उचलला. भुवया आक्रसल्या. "यात काय आहे?"

"जगायचं नाही म्हणतेस ना?"

"जगायचं? जागायचं!" ती म्हणाली. "मला आता जागायचं नाही."

मी कागद तिच्या हातातून हिसकावला. ज ची रेघ, ग ची रेघ. शेजारी कोरं. "ठिपका कुठाय?"

"राहिला असेल घाईत."

"वर लिहिलाय की ओळीवर?"

"ओळ कुठाय? कोरा कागद आहे तो, हॉस्पिटलचा. आणि तू पुढचं वाक्य का नाही बघितलंस?" तिने फळ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "मास्तर!"

मी ज्या वाक्यावरून पोरींना छड्या मारल्यासारखं बोललो, तेच माझ्या डोक्यावर लटकत होतं आणि मी सुतावरून स्वर्ग गाठला होता. स्वर्ग कसला, नरकच. मी खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "मग तूच वाच. पुढचं. वाचायचं असेल तर."

ती खोलीत एक फेरी मारून आली. मग खिडकीशी उभी राहून तिने कोर्टात वाचतात तसं, सपाट आवाजात वाचलं.

"मला आता जागायचं नाही. फार झालं. आई रोज रात्री माझ्या दाराशी येते. दिवा लावत नाही. कान देऊन उभी राहते, माझा श्वास चालू आहे का बघायला. हॉस्पिटलमध्ये बघायची तशी. मी झोपले की श्वास हलका होतो, तो तिला ऐकू जात नसणार. मग ती तिथेच उभी राहील, तिचे पाय दुखतील, दिवसभर दुकानात उभीच असते. म्हणून ती येईपर्यंत मी जागी राहते आणि मुद्दाम मोठ्याने श्वास घेते. चार-पाच घेतले की ती जाते. पण ती पुन्हा येते. कधी तीनदा. मी तिला सांगू शकत नाही. सांगितलं तर ती यायची बंद होईल आणि तिच्या खोलीत जागी राहील. मग तिला श्वासही ऐकू येणार नाही."

खाली दुकानात कुणीतरी पातेली एकात एक घालत होतं, त्याचा खणखणाट वर येत होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. लपवण्यासारखं माझ्याकडे आता काही उरलंच नव्हतं.

"आणि दुसरं?" मी डोळे पुसून विचारलं. विचारायची हिंमत नव्हती, पण न विचारता घरी गेलो असतो तर पुन्हा तीन दिवस तेच झालं असतं. "जगायचं नाही, असं कधी लिहिलंस का?"

"लिहिलं," ती म्हणाली. "दोनदा. त्यातल्या ज ला ठिपका द्यायचाच नसतो, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही."

"भिंगरे!"

"दोन्ही वेळा बाईंना उठून सांगितलं मी. स्वतःहून. त्या माझ्याशी बोलल्या, डॉक्टरांशी बोलल्या. मी काही लपवत नाहीये, मामा. तुमच्यापासून लपवते, कारण तुम्ही सुऱ्या लपवता." ती पुन्हा चालायला लागली. "पेन थांबवायचं नाही ना, मग सगळंच येतं. ते येतं आणि त्याच्याच खाली येतं की एकशेवीसची राहिलेली परीक्षा द्यायचीय. लिहिलं की ते कागदावर असतं, छातीवर नसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढतं, ते वेगळं. तू घाबरू नकोस."

"घाबरणार. तो माझा हक्क आहे."

"बरं, घाबर. पण मला विचारून घाबर."

हे मी कबूल केलं. पण आता खरी अडचण पुढे होती. आईला कोण सांगणार? ती बिचारी चष्म्याच्या दुकानात काचा बसवत होती आणि पोरगी मरायला निघालीय असं समजून मिनिटं ढकलत होती. तिला नुसतं 'चुकून वाचलं' म्हणून भागणार नव्हतं. खरी ओळ सांगायची तर पुढचीही सांगायला लागणार होती, दाराची आणि श्वासाची. भिंगरीने दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. तोंडाने बोलवेना.

"तू लिहून घे," ती शेवटी म्हणाली. "साध्या अक्षरात. मी सांगते."

आयुष्यभर डिक्टेशन घेतलं, पण असं कधी घेतलं नव्हतं. ती फेऱ्या मारत सांगत होती, मी लिहीत होतो. माझा हात आता कापतो. ती दर वाक्याला थांबायची, माझं पेन कागदावरून उचललं गेलं की मगच पुढे जायची. 'जागायचं'चा काना मी इतका जाड काढला की कागद फाटता फाटता राहिला. काही जागी तिने वाक्य बदललं. 'ती यायची बंद होईल' याच्या पुढे तिने घातलं, 'आणि ती आली नाही तर मलाही चालणार नाही.' मी तेही लिहिलं.

संध्याकाळी बहीण दुकानातून घरी आली तेव्हा आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे होतो. सुरी जागेवर होती. ती सुरीकडे बघून दचकली, मग आमच्याकडे बघून. मी कागद पुढे केला.

तिने पिशवी खांद्यावरून न उतरवताच वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीवर थांबली. बोट काना होता तिथे टेकवलं आणि माझ्याकडे बघितलं. "वाचताना माझं चुकलं," मी म्हणालो. ती पिशवी घेऊन तशीच ओट्याला टेकली आणि पुढे वाचत गेली. भिंगरी ओटा ते दार, दार ते ओटा करत होती. मला वाटलं बहीण आता रडेल, नाहीतर मला फाडून खाईल. दोन्हींची मी तयारी ठेवली होती.

तिने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"म्हणजे तुला माहीत होतं? मी यायचे ते?"

"हो."

"आणि तो श्वास तू मुद्दाम..."

"हो, मुद्दाम!" भिंगरी एकदम उसळली. तिचे डोळे भरले होते आणि तिला त्याचाच राग येत होता. "पण तू तरी दाराशी काय उभी राहायचीस? चोरासारखी? सरळ आत यायचं, हात लावून बघायचं. का नाही आलीस आत?"

"आत कशी येणार?" माझी बहीण म्हणाली. "तुझी झोप मोडली असती."